माळीपुरा समाधानी आहे

नगरपालिकेत होतो असं सांगितलं की लोक विचारतात, जकात नाक्यावर का? नाही. मग पाणीखात्यात? तेही नाही. मी तक्रार-वहीवर होतो म्हटलं की त्यांचा रस संपतो आणि ते चहाच्या कपाकडे वळतात. या अंकाच्या संपादकांचा मात्र रस संपला नाही. चिवटपणे मागे लागून त्यांनी हे लिहून घेतलं आहे, तेव्हा वाचकांची काही तक्रार असेल तर ती त्यांच्याकडे नोंदवावी. मी आता निवृत्त माणूस आहे.

गावाचं नाव लिहीत नाही. अकोल्याहून अमरावतीकडे निघालं की पूर्णेच्या खोऱ्यात जी गावं लागतात त्यांतलं ते एक, एवढं पुरे. तिथे आमची अजून सोयरीक आहे आणि लग्नकार्याला तोंड घेऊन जावं लागतं.

तक्रार-वही म्हणजे एक लांबट, कापडी पाठीची वही. तिच्यात पाच रकाने: अनुक्रम, नाव, मोहल्ला, तक्रार, कार्यवाही. कचेरीच्या ओसरीवर माझं टेबल. माणूस यायचा, घाम पुसायचा, बोलायचा, मी लिहायचो. कायदा एकच होता: तक्रार सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहायची, कारकुनाने आपली भाषा मध्ये घालायची नाही. ऐकायला हे सोपं वाटतं. पण तेल्हाऱ्याकडून येऊन गावात स्थायिक झालेला एक कापसाचा दलाल तावातावाने म्हणायचा, "तुमच्या दिवाबत्तीवाल्याले सांगजा, का कंदिलात तेल टाकत जाय, नाई तं कंदीलच घरी घेऊन जाय, मी माह्या दारात चिमणी लावतो." हे जसंच्या तसं लिहायचं आणि वर गंभीर चेहऱ्याने विचारायचं, "आणखी काही?" त्याला अभ्यास लागतो. मला तो होता, आणि त्याचा मला थोडा गर्वही होता.

नेहमीची गिऱ्हाइकं ठरलेली. त्यांतले मुकुटमणी आमचे एक वकीलसाहेब. दर सोमवारी कोर्टात जाण्याआधी ते ओसरीवर हजर. त्यांच्या घरी नळ होता. गावात नळ असलेली घरं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी. पण पाणी यायचं नेमकं त्यांच्या पूजेच्या वेळी. पूजेतून उठावं तर देव रागावणार, न उठावं तर बाई रागावणार. त्यांची तक्रार मला तोंडपाठ आहे: 'पूजेची वेळ वंशपरंपरागत असल्याने ती हलविता येत नाही, सबब पाणी हलवावे.' कार्यवाहीच्या रकान्यात पाणीखात्याने लिहिलं, 'पाणी हलविता येत नाही.' हा वाद दोन वर्षं चालला आणि दोन्ही पक्ष जागचे हलले नाहीत.

माझ्या नोकरीत कागदांवरचं राज्याचं नाव तीनदा बदललं. मध्यप्रांत-वऱ्हाडचं आधी मध्यप्रदेश झालं, मग मुंबई, मग महाराष्ट्र. शिक्के नवे आले, तक्रारी जुन्याच राहिल्या. मुंबई राज्यात गेल्यावर आमच्याकडे पुण्याच्या बाजूचे एक तरुण मुख्याधिकारी आले. स्वच्छ, शिस्तीचे, बोलताना प्रत्येक शब्द पुरा उच्चारणारे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी वही घरी नेऊन वाचून काढली. एवढ्या वर्षांत कोणी वाचली नव्हती. परत देताना म्हणाले, "इतकी शिवीगाळ तुम्ही लिहून कशी घेता?"

"शिवीगाळ नाही साहेब," मी म्हणालो, "आमच्याकडे हे प्रेमाने बोलणं झालं."

ते हसले नाहीत. पण पुढे जे म्हणाले ते मला आजही पटतं. म्हणाले, "या वहीत फक्त नाराज माणसं येतात. जी येत नाहीत ती खूश आहेत की थकली आहेत, हे आपल्याला कळायला मार्ग नाही. आपण समाधान मोजू."

समाधान मोजायचं! आम्ही सगळे कारकून एकमेकांकडे बघत राहिलो. पण साहेबांनी खरंच पत्रक तयार केलं. पाणी, दिवे, झाडलोट, गटारं. प्रत्येकापुढे तीन घरं: समाधानी, बऱ्यापैकी, असमाधानी. खाली सही किंवा अंगठा. आणि हे काही हौसेपायी नव्हतं. नळाची वाहिनी वाढवायला आलेले पाइप एकाच वस्तीला पुरतील इतके होते. एक तर वकिलांच्या वस्तीतल्या उरलेल्या घरांना नळ जाणार होता, नाही तर गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या माळीपुऱ्यात चौकात एक सार्वजनिक नळ बसणार होता. साहेबांनी सभेत सांगून टाकलं: जिथे पाण्याविषयी असमाधान जास्त, तिथे पाइप. वशिला चालणार नाही, पत्रक बोलेल. आणि पत्रक भरून आणायचं काम माझ्याकडे आलं. मी छाती फुगवून घरी गेलो.

वकिलांच्या वस्तीत दोन दिवस लागले. तिथे समाधानी माणूस औषधालाही सापडला नाही. ज्यांच्या घरी नळ नव्हता ते असमाधानी, ज्यांच्या घरी होता ते जास्त असमाधानी. वकीलसाहेबांनी पत्रकाला तीन पुरवण्या जोडल्या.

मग माळीपुरा. इथे मला माझी ओळख सांगितली पाहिजे. माझे वडील भिक्षुक. माळीपुऱ्यातल्या सगळ्या घरांची लग्नं, बारशी, सत्यनारायण त्यांच्याकडे असायचे. त्यामुळे मी कचेरीत कारकून असलो तरी माळीपुऱ्यात बाळ महाराज होतो. गल्लीत शिरल्याबरोबर बाज टाकली जायची, तिच्यावर धुतलेली वाकळ आणि पुढ्यात पितळी तांब्या. वडील बाहेर पाणी प्यायचे नाहीत. मी नव्या विचारांचा, म्हणून आवर्जून प्यायचो. मी प्यायलो की त्या माणसांच्या चेहऱ्यावर जे काही उमटायचं ते बघून मलाही मोठं सत्कार्य केल्यासारखं वाटायचं.

पहिलं घर अनसाबाईचं. साठीच्या आतबाहेरची विधवा बाई. उंच, आवाजाने खणखणीत, भाजीबाजारात तिच्या पालापुढे कोणी घासाघीस करायला धजत नसे. मुलगा वाडीत राबायचा, सून शांता घरातलं बघून भाजीच्या जुड्या बांधायची. मी पाणी प्यायलो. गार, गोड, उत्तम.

"अनसाबाई, समाधानी आहात का?"

"म्हनजे का बा?"

मी सोपं करून विचारलं. पाण्याचं बरं आहे का? दिव्याचं बरं आहे का?

"बरं हाये न महाराज. तुमच्या आशीर्वादानं समदं बरं हाये. अजून पानी देऊ का?"

तेहतीस घरं झाली. तेहतीस तांबे पाणी प्यायलो. सगळीकडे गोड पाणी आणि सगळीकडे 'बरं हाये'. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, जमिनीखाली खारट पाणी, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण माळ्यांच्या वाड्या नदीपलीकडे, तिथे एक गोड विहीर आहे, हेही ठाऊक होतं. ते पाणी त्यांना पुरत असणार असं मी धरून चाललो. पाण्यापुढे तेहतीस वेळा 'समाधानी'वर खूण केली, अंगठे घेतले आणि पत्रक साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेब खूश झाले. म्हणाले, "असं काम हवं." पाइप वकिलांच्या वस्तीत जाणार हे ठरल्यातच जमा होतं, पुढच्या आठवड्यातल्या सभेत शिक्का बसायचा बाकी होता.

सगळी घरं संपवून परतताना अनसाबाईच्या अंगणात पुन्हा टेकलो होतो, तिथे शाईची डबी, अंगठ्यांची, मी विसरलो होतो. तीन दिवसांनी भर दुपारी ती आणायला गेलो. बाहेर कोणी नव्हतं. उन्हाने जीव कासावीस झालेला. दाराशी अर्धा पुरलेला रांजण दिसला, वर ओगराळं. हाक कशाला मारायची म्हणून मी हाताने घेतलं आणि एक मोठा घोट घेतला.

तो घोट मी बाहेर टाकला. मीठ कालवल्यासारखं पाणी. पुन्हा जिभेवर घेऊन बघितलं. तसंच.

तेवढ्यात नदीच्या बाजूने शांता आली. डोक्यावर घागर, काखेत दुसरी छोटी. पदराआडून स्पष्ट दिसत होतं की तिला दिवस गेलेले आहेत, आणि थोडेथोडके नाहीत. मला पाहून ती बाजूला झाली, घरात गेली आणि डोक्यावरची घागर तिने आतल्या कोपऱ्यात एका झाकलेल्या माठात ओतली. रांजणाकडे वळलीसुद्धा नाही. मग मला कळलं. घरात पाणी दोन होती. माठातलं पाहुण्यांना, देवाला आणि तापाने फणफणलेल्या माणसाला. रांजणातलं घरच्यांना, रोज, बारा महिने. मी तेहतीस घरी जाऊन पाहुण्यांच्या पाण्याची पाहणी करून आलो होतो.

मी त्या बाजेवर बसलो आणि मला स्वतःची भयंकर लाज वाटली. तक्रार माणसाच्या शब्दांत लिहायची म्हणून मिरवणारा मी, माणूस आपल्याला कोण समजून बोलतोय एवढंही मला पाहता आलं नव्हतं.

संध्याकाळी साहेबांपुढे उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग पत्रक माझ्यापुढे सरकवलं. "हे अंगठे कोणाचे?"

"माळीपुऱ्यातल्या लोकांचे."

"लोक स्वतः म्हणतात समाधानी आहोत. तुम्ही म्हणता नाहीत. सभेत मी कोणाचं ऐकू? त्यांनी स्वतः उलट लिहून दिलं तर मी पत्रक बदलेन. सभेपूर्वी आणा. आणि तुमचं चुकलं असेल तर त्याचीही नोंद होईल, हे लक्षात असू द्या."

त्यांची शिस्त मला तेव्हा कडू लागली. आज वाटतं, बरोबर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळीपुऱ्यात गेलो. अनसाबाई वाडीला निघायच्या तयारीत होती. मी सांगितलं, पत्रक बदलायचं आहे, पाण्याचे हाल आहेत असं पुन्हा लिहून द्या, अंगठा द्या, म्हणजे नळ तुमच्या चौकात येईल. तिने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"नाई जी. आमी आमच्या तोंडानं सांगतलं न, बरं हाये म्हनून? आता फिरवलं तं तुमी खोटे ठरान."

"ठरू द्या."

"तुमच्या बापानं माह्या पोराचं लगन लावलं. अन् त्याईच्या पोराले मी कचेरीत खोटं पाडू? नळ नाई आला तं नाई आला. आतापावतर काय मेलो का आमी?"

मी समजावलं, विनवलं. शेजारच्या चार बायका जमल्या. सगळ्यांचं म्हणणं तेच. सभा तीन दिवसांवर आली होती आणि ही माणसं माझी अब्रू राखायला आपला नळ सोडून द्यायला तयार होती. शेवटी मी चिडलो. खरं म्हणजे स्वतःवर चिडलो होतो, पण आवाज त्यांच्यावर चढला. "मी काल तुमच्या रांजणातलं पाणी प्यायलो, अनसाबाई."

तिने मग कपाळाला हात लावला. "अवो बाप्पा! ते काहून पेले तुमी? ते पावन्याले देत नसतेत!"

"पाहुण्याला देत नाही, मग शांताला कसं देता?"

आणि मग दाराच्या आडून, इतके दिवस ज्या बाईचा आवाज मी ऐकला नव्हता, ती शांता बोलली. सासूसमोर, परक्या पुरुषासमोर, पण सरळ. "सांगा न आत्याबाई. मले सातवा लागला. दोन फेरे मारून राहिली मी नदीपार, अन् डाळ तरी शिजत नाई त्या रांजणाच्या पान्यात. मी तं नाई समाधानी."

पत्रकातला तो शब्द तिने बरोबर ध्यानात ठेवला होता. अनसाबाईने सुनेकडे बघितलं. रागावेल असं मला वाटलं. पण तिने हात पदराला पुसला आणि माझ्यापुढे केला. "लिवा," म्हणाली. "अन् नीट लिवा आता."

मग जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही. खारट पाण्याने केस कसे जटा होतात, पावसाळ्यात नदी चढली की चार-चार दिवस गोड पाणी कसं दिसत नाही, पोट्ट्यांची पोटं कशी बिघडतात. एकीचं संपेना तोवर दुसरीचं सुरू. कोणी मला महाराज म्हणेना. "अरे लिही न, बघत काहून राहिला," असं अनसाबाईच म्हणाली, आणि मला फार बरं वाटलं. तेहतीस घरांचे अंगठे घेऊन मी कचेरीत गेलो आणि त्याला एक चिठ्ठी जोडली: आधीचं पत्रक चुकीचं होतं, कारण मी लोकांना पाहुणा म्हणून विचारलं आणि नीट चौकशी केली नाही.

सभेत वकीलसाहेब पाऊण तास बोलले. साहेब पाच मिनिटं बोलले. पाइप माळीपुऱ्यात गेले. आणि माझ्या सेवापुस्तकात तांबड्या शाईत शेरा पडला: 'पाहणीच्या कामात निष्काळजीपणा केला.' त्यामुळे हेडक्लार्कची जागा मला मिळायची ती माझ्या मागून आलेल्याला मिळाली. त्याचं वाईट वाटलं. बायकोला आठ दिवस सांगवलं नाही.

पावसाळा सरल्यावर माळीपुऱ्याचा नळ सुरू झाला. शांताची मुलगी तेव्हा मांडीवर मावण्याएवढी झाली होती.

त्यानंतर महिनाभराने, बाजाराचा दिवस नसताना, कचेरीच्या ओसरीवर माळीपुऱ्यातल्या दहा-बारा बायका येऊन बसल्या. पुढे अनसाबाई. माळीपुऱ्यातून तक्रार द्यायला कोणी आजवर इथवर आलं नव्हतं. मला वाटलं नळ बिघडला. मी वही उघडली. "काय झालं नळाला?"

"नळाले काय धाड भरली? नळ बरा हाये. तुमची तक्रार हाये."

"माझी?"

"तुमच्या वहीत कोनं तरी तांबडं लिवलं म्हने. माह्या पोरानं बाजारात आयकलं. लिवा."

काय लिहिणार? पण सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहायचं हा माझाच मिरवायचा नियम. मी टाक बुडवला. ती थांबून थांबून, माझा हात चालतो आहे की नाही बघत सांगत गेली:

"माळीपुऱ्यातल्या बायांचं म्हननं असं का, बाळ महाराजानं खोटं लिवलं नाई. खोटं आमी सांगतलं. पावना घरी आला का आमी तेच सांगतो. उद्या मोठे साहेब आले तं त्याईलेही गोडच पानी देऊ अन् तेच सांगू. म्हनून जो शेरा हाये, तो आमच्या नावानं लिवा."

अक्षर मला दिसेनासं झालं होतं, तरी लिहिलं. सगळ्यांचे अंगठे घेतले. वही आत नेऊन साहेबांपुढे ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि कार्यवाहीच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं: 'तक्रार रास्त आहे. शेरा कायम.'

बाहेर येऊन मी ते अनसाबाईला वाचून दाखवलं.

"म्हनजे का लिवलं?"

"तुमचं म्हणणं खरं आहे, असं लिहिलंय."

"अन् शेरा?"

"तो राहणार."

तिने मागे वळून बायांकडे बघितलं, त्यांनी माना हलवल्या. मग ती टेबलाशी आली आणि वहीवर, साहेबांच्या सहीच्या खालच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"मंग इथं लिवा," म्हणाली, "माळीपुरा समाधानी नाई."

मी लिहिलं.